क्रमांक पाचची उपदाढ

३ फेब्रुवारी

आजपासून अस्मादिक दैनंदिनी लिहिण्याचा संकल्प करीत आहेत. कारण सरळ आहे. घरात माझे कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, आणि कागदाला मध्येच उठून जाता येत नाही.

भावी चरित्रकारांच्या सोयीसाठी थोडक्यात: वय बावन्न, व्यवसाय, दाताच्या मुळावरचे थर मोजून माणसाचे वय सांगणे. घरात आम्ही चौघे. मी, माझी सहधर्मचारिणी, यापुढे सौ.; माझे वडील आप्पा, वय अठ्ठ्याहत्तर; आणि आप्पांची धाकटी बहीण, माझी आत्या. आप्पा तिला अजूनही 'छोटी' म्हणतात. छोटीचे वय सत्त्याहत्तर आहे.

आज शल्यविशारदांनी आप्पांच्या पोटातले चित्र प्रकाशपेटीवर लावून दाखवले. महाधमनीला फुगा आला आहे. शस्त्रक्रिया करून तो भाग बदलावा लागेल.

"फुटला तर?" सौ.ने विचारले.

"फुटला तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही," ते शांतपणे म्हणाले.

आप्पा चष्मा पुशीत होते. "मला तर काही दुखत नाही."

"दुखत नाहीच. म्हणून तर सांगतोय."

"मग ज्याला दुखतंय त्याला कापा," असे म्हणून आप्पा उठले आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवून उभे राहिले.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की आप्पांनी उभी हयात पुलांचे निरीक्षक म्हणून घालवली. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पुलांवर लाल शेरे मारून त्यांनी कित्येक अभियंत्यांची झोप उडवली. सौ.ने परतीच्या वाटेत या विसंगतीकडे लक्ष वेधले. आप्पा म्हणाले, "पुलाला मत नसतं."

६ फेब्रुवारी

आमच्या घराची राज्यघटना एका कलमाची आहे: थोरला बोलला की विषय संपला. आप्पा हे कलम वापरतात तसेच पाळतातही, हे मान्य केले पाहिजे. साठी उलटल्यावर एके दिवशी थोरल्या काकांनी खुर्चीतून न उठता "सिगारेट बंद" एवढे दोन शब्द उच्चारले. आप्पांनी हातातली सिगारेट विझवली ती कायमची. वैद्यांनी त्याआधी वीस वर्षे डोके फोडले होते. पुढे थोरले काका गेले आणि त्यांच्यामागे घटनेची सर्व सूत्रे आप्पांकडे आली.

या कलमाचा सर्वाधिक भार आत्याने वाहिला. ती दूरध्वनी केंद्रात होती. सगळ्या शहराची गुपिते तिच्या कानांवरून गेली आणि एकही तोंडातून बाहेर पडले नाही. ऐन पंचविशीत तिला बढती मिळून मोठ्या शहरात पर्यवेक्षक म्हणून बोलावणे आले होते. आप्पा म्हणाले, "एकटी मुलगी कुठे जाणार? नको." आत्या "बरं दादा" म्हणाली आणि भरलेली पेटी रिकामी केली. ती पेटी अजून तिच्या पलंगाखाली आहे. तीत सध्या लोकर असते.

आज जेवताना मी पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय काढला. मुद्देसूद, चार भागांत.

"झालं का तुझं, प्राध्यापक?" आप्पा म्हणाले. "हे बघ, मी माझ्या वरच्या प्रत्येकाचं ऐकलं. आईचं ऐकलं, थोरल्याचं ऐकलं. आता माझ्यावर कोणी उरलेलं नाही. असेल तर आण, त्याचंही ऐकतो."

आत्या आमटी वाढत होती. तिचा हात वाटीवर बराच वेळ तसाच राहिला. संधिवात असावा, वैद्यांना विचारले पाहिजे.

९ फेब्रुवारी

एक ऐतिहासिक प्रसंग. पंचवीस वर्षांत प्रथमच या घरातील एका व्यक्तीने माझ्या शास्त्राविषयी आपण होऊन प्रश्न विचारला.

"काय रे," आत्या म्हणाली, "दातावरून वय कळतं म्हणतोस, ते खरंच, की नुसतं विद्यार्थ्यांना सांगायला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. दाताचे मूळ जबड्यात धरून ठेवणारा एक अतिपातळ थर असतो, त्यास सिमेंटम म्हणतात. झाडाच्या बुंध्यात वर्षागणिक कडी पडावीत तद्वत या थरात दरवर्षी एक फिकट आणि एक गडद अशी रेषांची जोडी वाढते. मुळाचा आडवा काप घ्यावा, कागदाहूनही पातळ घासावा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि जोड्या मोजाव्या. तो दात ज्या वयात उगवतो ते वय त्यात मिळवावे. माणूस खोटे बोलेल, दाखला खोटा असेल, केस काळे केलेले असतील. मूळ मात्र आपली रोजनिशी निमूटपणे लिहीत असते.

"आणि चुकतं किती?"

"दोन वर्षे इकडे किंवा तिकडे."

"तोंडातला दात चालतो की काढलेला लागतो?"

"काढलेला."

"हं," असे म्हणून ती भाजी निवडायला बसली. चहाचे पार पाणी झाले होते, परंतु अंतःकरण तृप्त होते. ज्ञानाची तृषा कोणत्या वयात जागी होईल याचा नेम नाही.

१३ फेब्रुवारी

आत्याने खालची उपदाढ काढून घेतली. दुखत होती म्हणे. परवापर्यंत त्याच बाजूने ती बदाम फोडत होती.

दंतवैद्य माझा बालमित्र. त्याने दूरध्वनी केला. "हिरडी जरा उतरली होती एवढंच. मी म्हटलं, आत्या, अजून दहा वर्षं काढेल हा दात. तर म्हणाल्या, मला एवढा वेळ नाही. दात हलत नव्हता रे, मीच हललो."

या वयात वेदना सहन होत नाहीत. संध्याकाळी गाल सुजलेला असूनही ती कमालीची प्रसन्न दिसत होती. भुलीच्या औषधाचा परिणाम.

२० फेब्रुवारी

प्रयोगशाळेत पराक्रमाचे दिवस. आमच्या पद्धतीवर विद्वत्परिषदेपुढे निबंध वाचायचा आहे. त्यासाठी दंतवैद्य मित्राने नुकतेच काढलेले आठ दात पाठवले. नियम कडक आहे: दात कोणाचा आणि वय किती हे मोजणाऱ्यास ठाऊक नसावे. दातांचे मालक फक्त आमच्या काचवाल्या बाईंना ठाऊक. बाई मुळांचे काप घेतात, घासतात, काचपट्टीवर चिकटवतात, वर एक ते आठ असे आकडे घालतात. मग मी मोजतो, त्याही मोजतात, आणि आपापले आकडे एकमेकांना न दाखवता ठेवतो. बाई मोजतानासुद्धा दातांना ओळखत नाहीत, कारण मोजण्याआधी त्या आकडे झाकून पट्ट्या पिसून घेतात. दोघांत अठरा वर्षांचा सहवास आहे आणि एकमेकांवर तिळमात्र विश्वास नाही. शास्त्र त्यावरच उभे आहे.

"सर, श्वास धरा," बाई आज म्हणाल्या. "काचेवर वाफ येतेय."

"मी शास्त्रीय उत्कंठेने श्वास घेत आहे."

"मग तो तिकडे तोंड करून घ्या."

क्रमांक पाच विशेष देखणा. रेषा अशा रेखीव की एखाद्या जुन्या लघुलेखिकेने काढाव्यात. सुरुवातीच्या, बालपणीच्या काही रेषा मात्र फार अरुंद, एकमेकींना बिलगलेल्या. वाढीच्या वयात या जीवाची आबाळ झालेली दिसते.

२३ फेब्रुवारी

आज आकडे उघडले. दिवस काळा आहे.

एक ते चार: खऱ्या वयाशी जुळले. सहा ते आठ: जुळले. सातव्याच्या बाबतीत तर वर्षाचाही फरक नाही. क्रमांक पाच: माझ्या मते एक्याऐंशी, बाईंच्या मते ऐंशी. खरे वय सत्त्याहत्तर.

"कोणाचा हा?" मी विचारले.

बाई काचपट्टी पुशीत म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंचा."

चार वर्षांची चूक, आणि तीही स्वतःच्या घरातल्या दातात. विद्वत्परिषदेत मागच्या बाकावरून कोण हसेल त्यांची यादी मी मनात करून पाहिली. ती लांब होती. मी दुपारभर कारणे शोधली. सूक्ष्मदर्शकाचे भिंग केसभर वर-खाली झाले की एका रेषेच्या दोन दिसतात, हा आमच्या धंद्यातला जुना सापळा. परंतु तसे झाले असते तर आत्या शंभरी पार करून दीडशेच्या घरात गेली असती. काप तिरका गेला काय? बाईंना विचारण्याचे धाडस केले. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. काप तिरका गेला नव्हता.

२४ फेब्रुवारी

आप्पांची फेरतपासणी झाली, सौ.ने शपथ घालून नेले होते. फुगा वाढला आहे. शल्यविशारद म्हणाले, "आता आठवड्यांची भाषा नको, दिवस मोजा."

आप्पा घरी येऊन निवांत भूमितीचे कोडे सोडवत बसले. सौ. स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासून झालेलीच पुन्हा घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, परंतु बोलण्यासारखे काही सुचले नाही. अशा वेळी संस्कृत कामास येत नाही.

२५ फेब्रुवारी

क्रमांक पाच निबंधातून वगळण्याचे ठरवले होते. 'नमुना सदोष' एवढे दोन शब्द लिहिले की काम भागते. तत्पूर्वी, दाताची मालकीण घरातच असल्याने, तिला कळवणे मला सभ्यपणाचे वाटले. ती बाल्कनीत लोकर गुंडाळत होती.

"काय निघालं माझ्या दाताचं?" माझ्या आधी तिनेच विचारले.

"काळजी करू नकोस, आत्या. पद्धतीत खोट निघाली, तुझ्यात नाही. एक्याऐंशी आले."

तिचा हात थांबला. "आणि बाईंचे?"

"ऐंशी."

"दोघांनी वेगवेगळं मोजलं?"

"अर्थात."

"आणि बाकीचे सात?"

"बरोबर."

"मग माझ्याच वेळी दोघं एकदम आंधळे झालात होय? आणि तेही एकाच बाजूला?"

हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या अत्यंत मार्मिक होता. मी म्हणालो, "चूक कुठेतरी आहे खरी. म्हणून मी तो दात काढून टाकतोय."

"एकदा काढलाय मी तो," ती म्हणाली. "आता तू टाकायचा नाहीस. परत मोज."

आत्या माझ्याशी आयुष्यात कधी अशा आवाजात बोललेली नाही. मी नकळत सरळ उभा राहिलो. मग बसलो आणि विचारले, "तुझं वय या घरात ठरवलं तरी कोणी?"

हकीकत मी लहानपणी तुटकपणे ऐकली होती. नदीपलीकडची कामगार वस्ती जळाली, तिथल्या छावणीतून आजोबांनी, म्हणजे नानांनी, ही अनाथ पोर घरी आणली. तापातून उठलेली, डोके भादरलेले, हातापायांच्या काड्या.

"दारात उभी होते मी," आत्या म्हणाली. "नानांनी विचारलं, किती वर्षांची गं तू? तेवढ्यात दादा धावत आला. सात वर्षांचा होता. माझ्या शेजारी उभा राहिला, माझ्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर हात नेऊन बघितला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा लहान आहे ही, ही माझी छोटी. किती खूश झाला होता. तोवर घरात सगळे त्यालाच दटावायचे. त्याच्या खाली कोणी नव्हतंच ना."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मला भूक लागली होती."

"म्हणजे तुझं सहा वर्षांचं वय निव्वळ उंचीवरून ठरलं?"

"मग? शाळेत नाव घालताना तेच सांगितलं. मास्तर मात्र चक्रावले. मला सतरापर्यंत पाढे येत होते."

सहाव्या वर्षी सतरापर्यंत. या घराण्यात बुद्धिमत्ता दत्तकांनाही लाभते, हे नोंदवून ठेवतो. परंतु त्याच क्षणी माझ्या मस्तकात वीज चमकली. जन्माचा दाखला नाही. साक्षीदार नाही. पुरावा काय, तर सात वर्षांच्या मुलाने हवेत फिरवलेला हात. अरे, कोणीतरी त्या पोरीला तोंड उघडायला सांगायचे होते. पुढचे कायमचे दात पाहून अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. संपूर्ण घरात एकही दंतवैद्य नसण्याचे असे परिणाम होतात.

चूक दाताची नाही. चूक घराची आहे.

"आत्या," मी खुर्ची घट्ट धरून म्हणालो, "तुला धक्का बसेल, पण मन खंबीर कर. तू आप्पांपेक्षा मोठी असण्याची दाट शक्यता आहे."

"असं म्हणतोस?" आत्या म्हणाली, आणि लोकरीचा गुंडा उलटा फिरवू लागली. बिचारीला काही सुचेना.

२७ फेब्रुवारी

काल दिवसभर पुन्हा मोजले. मी दोनदा, बाईंनी दोनदा. एक्याऐंशी, एक्याऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी.

आज जेवणे आटोपल्यावर मी उभा राहिलो. प्रास्ताविक केले. सौ. म्हणाली, "अहो, मुद्द्यावर या." मी मुद्द्यावर आलो. आप्पांनी कोड्याचा कागद बाजूला सारला, चष्मा लावला, आणि चाळीस वर्षांपूर्वी ते ज्या नजरेने खांबांकडे पाहात त्या नजरेने माझ्याकडे पाहू लागले.

"मोजताना दात कोणाचा हे ठाऊक होतं?"

"पहिल्या वेळी नव्हतं."

"दुसरं कोणी मोजलं?"

"बाईंनी. वेगळं."

"त्या तुझ्या हाताखालच्या. तुझ्या हो ला हो करत असतील."

"आप्पा, त्यांनी आजवर माझ्या एकाही गोष्टीला हो म्हटलेलं नाही."

"फरक किती धरलास?"

"दोन वर्षं. म्हणजे कमीत कमी एकोणऐंशी."

"मी अठ्ठ्याहत्तर." त्यांनी टेबलावर बोटाने रेष ओढली. "काठावर आहे. मी असला पूल पास केला नसता."

सौ.ने डोळे मिटले. पंचवीस वर्षांची साधना आणि एका माणसाचा जीव, दोन्ही एका केसाएवढ्या रेषेवर उभी होती आणि परीक्षक तोच माणूस होता. तरीही मी म्हणालो, "मी फरक कमी करून सांगणार नाही, आप्पा. आहे तेवढा आहे. बाकीचे सात दात त्याच्या आत बसले. हाही बसतो. मी यावर सही करेन."

आप्पा बराच वेळ माझ्याकडे पाहात राहिले. असे त्यांनी याआधी पाहिल्याचे स्मरत नाही. मग आत्याकडे वळले. "छोटी, तुझं काय म्हणणं?"

"माझं काय असणार? मुलाने मोजलंय."

"मोजलंय तर मानलं पाहिजे," आप्पा म्हणाले.

आत्याने मांडीवरची लोकर टेबलावर ठेवली. "मग दादा, सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं."

"दादा कोणाला म्हणतेस?"

आत्याने लोकर आणखी दूर सारली.

"विचारतेस की सांगतेस?" आप्पांनी विचारले.

"सांगते."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि चष्मा काढून त्याच्या डबीत ठेवला.

अशा रीतीने दंतमूलशास्त्राने आज एक अभेद्य दुर्ग जिंकला. सौ.ने मला निजण्यापूर्वी न मागता दूध आणून दिले.

२ मार्च

आप्पांना भरती केले. गाडीत ते माझ्या शेजारी पुढे होते. आत्या आणि सौ. मागच्या गाडीने येत होत्या.

"ती आली ना, त्याच वर्षी माझा पाय मुरगळला होता," आप्पा एकाएकी म्हणाले. "हिने मला पाठुंगळी मारून तीन जिने चढवले. एकदाही टेकली नाही. सहा वर्षांची पोर सात वर्षांच्या मुलाला उचलून जिने चढते का रे?"

मी म्हणालो की प्रसंगी स्नायूंमध्ये अकल्पित बळ संचारते, आणि त्यावर परदेशी संशोधनही झालेले आहे.

आप्पा खिडकीबाहेर पाहात हसले. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. त्यांनी माझे एखादे मत इतक्या सहज मान्य केल्याचे हे पहिलेच उदाहरण.

कक्षात परिचारिकेने विचारले, "पेशंटजवळ एकालाच थांबता येईल. कोण थांबणार?"

मी पुढे झालो. आप्पांनी मला हातानेच बाजूला केले. "ती थांबेल. माझी मोठी बहीण."

परिचारिकेने आत्याच्या टाचा उंचावलेल्या चपलांकडे आणि एकूण ठेंगण्या मूर्तीकडे पाहिले. "मोठी?"

"तीन वर्षांनी," आप्पा म्हणाले. "सिद्ध झालंय."

४ मार्च

शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "वेळेत आणलंत. आत भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती." सौ. बाकावर बसून रडली. मी तिला पापुद्र्याची जाडी व सिमेंटमची जाडी यांतील फरक सांगू लागलो, तेव्हा तिने माझा हात धरला आणि रडताना हसली. आत्या खिडकीपाशी उभी होती. वळली नाही.

९ मार्च

आप्पा उठून बसू लागले. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त आगबोटीचे कप्तान आहेत. मी पडद्याबाहेर पोचलो तेव्हा आतून आप्पांचा आवाज येत होता.

"ही माझी मोठी बहीण. सत्तर वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. मुलाने दाताच्या मुळावरून हुडकून काढली. तुम्हाला सांगतो, मी त्याला उलटा-सुलटा तपासला, हलला नाही. आकडा फुगवला नाही की लपवला नाही. माझ्या हाताखाली असता तर त्याला नदीवरचे मोठे पूल दिले असते."

मी पडद्याबाहेरच थांबलो. आत जायची मला काहीच घाई नव्हती.

पुढे आप्पा म्हणाले, "ताई, पाणी दे गं."

"डॉक्टरांनी अर्ध्या तासाने सांगितलंय," आत्या म्हणाली.

"बरं."

नंतर आत्या मला दारापर्यंत सोडायला आली. "तुझ्या निबंधात माझा दात आहे ना? टाकला नाहीस?"

"क्रमांक पाच," मी अभिमानाने सांगितले. "तोच निबंधाचा कळस आहे. वय एक्याऐंशी, दोन वर्षे अधिक किंवा उणे."

"ते अधिक-उणे कशाला?" ती माझ्या सदऱ्याची कॉलर नीट करीत म्हणाली. "एक्याऐंशीच लिही. जूनमध्ये ब्याऐंशी."

आणि ती आत गेली.

हा जून महिना तिने कोठून काढला हे मला उमगले नाही. मुळावरच्या रेषांवरून जन्माचा महिना सांगण्याची पद्धत जगात अद्याप कोणास साधलेली नाही. वयोमानाने माणसे असे काहीतरी बोलून जातात. तथापि सत्तर वर्षे ज्या सत्याची एकाही जिवास कल्पना नव्हती, ते प्रकाशात आणण्याचे श्रेय निर्विवादपणे प्रस्तुत लेखकाकडे जाते, आणि आजच्या पानावर तेवढे एक वाक्य मी अधोरेखित केले आहे.